पाऊण तासाची चूक

बेटावरच्या पहिल्याच महिन्यात मी एका माणसाला साऱ्या गावासमोर झापलं आणि दहा मिनिटांच्या आत स्वतः गुडघाभर चिखलात उभी राहिले. ही त्याच माणसाची गोष्ट आहे. म्हणजे त्याची, त्याच्या धाकट्या मुलीची आणि थोडीशी माझी.

मी पनवेलची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इतकी वर्षं मला रस्त्यावरच्या शाळा मिळाल्या, कधी शिरढोणच्या अंगाला, कधी पळस्प्याच्या पुढे. स्कूटर काढली की अर्ध्या तासात वर्गात. मग ऑनलाइन बदल्या झाल्या आणि संगणकाने माझ्या नावापुढे बेट टाकलं. घरात सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले. नवरा म्हणाला, "काळ्या पाण्याची शिक्षा म्हणतात ती हीच का?" मी तोंड पाडून बसले होते खरी, पण आतून नुसती उडत होते. चाळिशी उलटल्यावर आयुष्यात काही नवं घडेल ही आशा मी सोडून दिली होती, आणि इथे चक्क बेट! त्या रात्री मी पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. रुजू व्हायला अजून आठ दिवस होते.

गव्हाणच्या पुढे खाडीकाठी एक धक्का आहे. तिथून आमचं बेट समोर दिसतं. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण जात नाही. एक टेकडी, तिच्या पायथ्याशी पन्नास-साठ घरं, दोन विहिरी, एक देऊळ आणि दोन खोल्यांची पहिली ते सातवीची शाळा. शिक्षक दोन, एक गुरुजी आणि मी. मुलं तेवीस. डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात, लांबवर समुद्रातल्या पुलावरून गाड्या सरकताना दिसतात, आणि आम्ही धक्क्यावर पाणी चढायची वाट बघत बसलेले असतो. मी सोमवारी सकाळी जायची, शाळेमागच्या खोलीत आठवडाभर राहायची आणि शनिवारी दुपारी पनवेलला परतायची.

त्या शनिवारी माझ्या घरी पाहुणे यायचे होते. बोट एक वाजता निघेल असं मीच मनाशी ठरवलं होतं, कारण आदल्या शनिवारी ती एकला निघाली होती. दोन वाजले तरी बोटवाला बेटाच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये विडी ओढत बसलेला. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला बोलवायला जावं लागत नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, तुमच्याकडे घड्याळ आहे का?"

त्याने शांतपणे मनगट पुढे केलं. "घड्याल हाय, बाई. पानी नाय."

शेडमधल्या बायका खुदकन हसल्या. मी आणखी भडकले. बोट तर समोर दिसत होती, वीस पावलांवर, ओल्या वाळूत जराशी कललेली. "तुम्ही बसा. मी बोटीत जाऊन बसते," असं म्हणून मी तरातरा उतरले. ती वाळू नव्हती. चौथ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत गेले आणि तिथेच उभी राहिले, हातात पर्स उंच धरून. दोघांनी फळी टाकून मला बाहेर काढलं. उजव्या पायातली चप्पल मात्र चिखलाने ठेवून घेतली. पनवेलच्या बाजारातून घेतलेली, कोरी करकरीत.

त्यानंतरच्या सोमवारी दुसरीतली एक मुलगी खिडकीतून बघून म्हणाली, "बाई, पानी तुमच्या चपलेवर आलं." मला आधी कळेना. मग कळलं की माझी चप्पल जिथे गेली ती जागा आता भरतीची खूण झाली होती. पाणी चपलेवर आलं की बोट अर्ध्या तासात हलते. महिन्याभरात साऱ्या गावाच्या तोंडी तेच. बेटाच्या भूगोलात माझी अशी नोंद झाली, आणि मला तिचा भयंकर आनंद झाला.

आमच्या धक्क्यापुढे चिखल फार. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास बोट हलत नाही. बरं, ओहोटीची वेळ एकच असेल तर तेही नाही, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते. त्यामुळे खिचडीचा तांदूळ, गॅसचा सिलिंडर, परीक्षेचे पेपर, सगळं पाण्याच्या मर्जीने यायचं. केंद्रप्रमुख साहेब एकदा तासाभराच्या तपासणीला आले आणि तीन तास अडकले. त्यांनी मुलांबरोबर खिचडी खाल्ली, सगळ्या वह्या तपासल्या आणि शेवटी चौथीला भागाकार शिकवला. इतका निवांत साहेब मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

बोटवाल्याची धाकटी मुलगी माझ्याकडे पाचवीत आली. दोन वेण्या, त्यातली एक कायम सैल. हात वर करून उत्तर द्यायची सवय नाही. विचारलं की उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर गप्प. पण शिकवता शिकवता मी घड्याळाकडे बघितलं की ती खिडकीबाहेर बघून म्हणायची, "बाई, अजून तास हाय. मंग हालंल बोट." आणि बरोबर तासाने बोट हलायची. मी तिला एकदाही चुकताना पाहिलं नाही. गणितात तर अशी की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिची पेन्सिल खाली ठेवलेली असायची. अशी मुलगी वर्गात असली की शिकवणाऱ्याच्या अंगात येतं. मी रात्री खोलीत बसून तिच्यासाठी अवघड गणितं शोधायची आणि सकाळी ती सुटली की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या.

ती सहावीत असताना एका शनिवारी मी पनवेलच्या बाजारात नेहमीच्या मावशींकडे कोलंबी घेत होते. बेटावर असते म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग तुमाला भरतीचा टायम येतो का काडता? तितीला पाऊणपट करायचा. चतुर्थी तर चार पाऊण तीन. तीन वाजता भरती. झाला." मी कोलंबीची पिशवी तिथेच विसरले. पाऊणकी, पाऊणचा पाढा! माझ्या वडिलांनी लहानपणी माझ्याकडून पाऊणकी घोकून घेतली होती आणि आयुष्यात तिचा काय उपयोग हे मला कधी कळलं नव्हतं. अष्टमी, आठ पाऊण सहा. एकादशी, सव्वाआठ. मी रिक्षात बसून तिथ्या मोजत घरी आले. नवऱ्याने विचारलं, "कोलंबी?" मी म्हटलं, "साडेचार." त्या दिवशी षष्ठी होती.

सोमवारी मी वर्गात कॅलेंडर टांगलं आणि तिसरीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना पाऊणकी शिकवायला घेतली. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. अपूर्णांक म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या ती पोरं आता मधल्या सुट्टीत कॅलेंडरपुढे भांडत होती. गुरुजी हसून म्हणाले, "बाई, गावातल्या बापजाद्यांना जे पाण्याकडे बघून कळतं ते तुम्ही पोरांना गुणाकार करून सांगताय. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, असू दे वळसा, वाटेत गणित तर भेटलं! आमचं उत्तर बहुतेक वेळा थोडं चुकायचं, पण दोष मी कॅलेंडरला द्यायची. बोटवाल्याची मुलगी त्यावर काहीच बोलायची नाही. हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

ती सातवीत गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. आठवी खाडीपलीकडे. मुलगे जातात, कोणी मामाकडे राहतं, कोणी आत्याकडे. मुलींची शाळा सातवीला संपते. मी एकदा तिला सरळच विचारलं, "पुढे काय?" ती म्हणाली, "मना जायचंय. पन बाबा नाय बोलतात." तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच इचारा, बाई. माझा काय चालत नाय."

मग मी बोटीत त्याला गाठलं. या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत माझं भाषण चाललं होतं. मुलगी किती हुशार, शिक्षण किती गरजेचं, कायदा काय सांगतो, जग कुठे चाललंय. तो सुकाणू धरून समोर बघत होता. पालथ्या घड्यावर पाणी. पलीकडे पोहोचलो, माणसं उतरली, मी शेवटी राहिले आणि चिडून म्हणाले, "तुम्हाला मुलीचं काहीच वाटत नाही का?"

त्याने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला तिथल्या तिथे स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

"मोठीला धाडली होती मी आठवीला," तो म्हणाला. "तीन महिने गेली. एका सांजेला मना उशीर झाला. तिकडनं निघालो, तं आपल्याच बाजूच्या चिखलात बोट रुतली. ही अशी आडवी. आनि पोर हितं, ह्या पायरीवर. पिवली ओढनी होती तिची. मना दिसत होती, बाई. तिला मी दिसत होतो. तीन तास. ती रडत होती का नाय ते काय दिसत नवतं. धक्क्यावर दारू प्यालेली दोघं बसलेली, ती दिसत होती. मी काय करनार? चिखलात उडी मारली तं छातीपर्यंत गेलो." त्याने सुकाणूवरचा हात काढला. "काय झाला नाय तिला. पन दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर खुंटीला लावला, तो परत काडला नाय. मी पन बोललो नाय काय. आता लगीन होऊन गेली."

मी उतरले. स्कूटरवर पनवेलपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी होती. शिकलेल्या बाईने न शिकलेल्या माणसाला शहाणपण सांगायला जावं आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यावं, तशी माझी गत झाली. पण वाटेत एका सिग्नलला थांबले असताना माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मुलगी अडकली ती पाण्यामुळे नाही, पाण्याचा अंदाज चुकला म्हणून. वेळ आधीच लिहून ठेवली तर? वर्षभराची? मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तरी मी तिथेच.

सोमवारी मी मुलीला कल्पना सांगितली. तिचे डोळे चमकले, पण घाई केली नाही तिने. "डिसेंबरपरयंतच करता येल," ती म्हणाली, "फुडच्या सालाचा कॅलेंडर नाय आलेला." बरोबर होतं. मार्च-एप्रिलचे दोन महिने आम्ही दोघी त्याच कामात बुडालो. तीन ड्रॉइंग पेपर चिकटवून एक तक्ता केला. जून ते डिसेंबर, एकेक दिवस, त्याची तिथी, त्या तिथीचं भरतीचं पाऊणपट, त्यात सहा तास मिळवून ओहोटी. हायस्कूल अकरा ते पाच. सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला ज्या दिवशी पाणी असेल तो दिवस हिरवा, ज्या दिवशी नसेल तो लाल. ती लिहायची, मी तपासायची. हिरवे दिवस वाढत गेले तशी मी खुर्चीत बसू शकेना. खोलीत आल्यावर एकटीच हसायची.

पण लाल दिवसही होते. दर पंधरवड्यात पाच. चतुर्थी, पंचमी, षष्ठीला सकाळी नेमकी ओहोटी. चतुर्दशी आणि पुनवेला किंवा अवसेला जाता येत होतं, पण संध्याकाळी परत यायच्या वेळी चिखल. नेमकी तीच वेळ, पिवळ्या ओढणीची. तक्ता पुरा झाला तेव्हा ते लाल चौकोन मी दोनदा मोजले. हा तक्ता बापापुढे ठेवायचा म्हणजे त्याचंच म्हणणं खरं करून दाखवायचं. मी हळूच म्हटलं, "यातले दोन-तीन हिरवे केले तर? अगदी काठावरचे?"

माझ्या तोंडून हे निघालं याची मला आजही लाज वाटते. मुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "खोटा नको, बाई," ती लाल पेनचं टोपण लावत म्हणाली. "बाबा एका नजरंत वलखतील."

तक्ता तिने दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावायला सांगितला. मी म्हटलं, फळ्याशेजारी लावू, उजेड चांगला आहे. ती म्हणाली, "नको, हितंच." लावला.

तिचा बाप शाळेत दर पंधरा दिवसांनी यायचा, खिचडीचा सिलिंडर खांद्यावर घेऊन. पण उंबऱ्याच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत या म्हटलं की पायांकडे बोट दाखवायचा. "पाय चिखलाचे हायत, बाई." पालकसभेलाही तेच. मला त्याच्या त्या चिखलाच्या पायांचा राग यायचा. नदीकाठची माणसं पाय धुतात, खाडीकाठच्यांना काय झालं?

त्या दिवशी तो आला, सिलिंडर व्हरांड्यात टेकवला, घाम पुसला आणि त्याची नजर समोर गेली. मी फळ्यापाशी होते. मुलगी कोपऱ्यात केर काढत होती. बाकी मुलं जेवायला गेलेली. तो बघत राहिला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वाचायला वेळ लागतो. ओठ हलत होते.

"ह्यो कोनी लिवला?"

"मी," मुलगी म्हणाली. झाडू थांबला नाही.

"चुकलंय."

चुकलंय? दोन महिने मी एकेक आकडा तपासला होता! मी तोंड उघडणार इतक्यात मुलगी म्हणाली, "कुटं?"

"सगल्या ठिकानी." त्याने दारातूनच हात केला. "ह्यो भायेरच्या समुद्राचा टायम झाला. आपल्या धक्क्यावर पानी पाऊण तास मागनं येतं. खाडीत आत शिरायला टायम लागतो त्याला. ही पंचमी बग. पंचमीचा पानी..."

"कंची पंचमी?" ती म्हणाली. "हितनं नाय दिसत."

आणि तो आत आला. विचार न करता, सरळ. फरशीवर चिखलाची पावलं उमटली, एक, दोन, तीन, चार, थेट तक्त्यापर्यंत. मी फळ्याला टेकून उभी राहिले. खडू माझ्या मुठीत मोडला तेही कळलं नाही.

"ही पंचमी. हिचा पानी आपल्याकडं चवथीलाच बसतो. म्हंजे हे समदं लाल एक एक दिवस अलीकडं घे. चवथ, पंचमी, सट न्हाय. तीज, चवथ, पंचमी. तिकडं पन तसाच. तेरस आनि चवदस."

मुलीने पेन्सिल आणि रबर आणलं. पहिलीच्या मुलांचा बुटका बाक तिने पायानेच त्याच्याकडे सरकवला आणि तो त्यावर बसला, गुडघे हनुवटीशी घेऊन. तो सांगत होता, ती खोडत होती, लिहीत होती. जून झाला, जुलै झाला. मध्येच तो म्हणायचा, "ह्या दिसांत वारा असतो, ह्या दिवशी कोनीच जानार नाय, शालेलापन सांग." मुलं जेवून आली आणि दारातच थबकली. मी ओठांवर बोट ठेवलं. बावीस मुलं व्हरांड्यात पाय न वाजवता बसली, असं ना त्याआधी कधी झालं ना नंतर.

डिसेंबर संपला. लाल चौकोन तेवढेच होते, फक्त सरकले होते. मुलीने रबराचा चुरा फुंकला आणि विचारलं, "मंग ह्या दिवशी?"

तो लाल चौकोनांवरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, संपलं. आता उठेल आणि म्हणेल, बघा बाई, मी काय बोललो होतो. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. मी नवस बोलणारी बाई नाही.

त्याने हात पुढे केला. मुलीने हातात निळं पेन ठेवलं. त्याने पहिल्या लाल चौकोनात एक छोटी वाकडी रेघ काढली, दोन्ही टोकं वर उचललेली. मग पुढच्या चौकोनात तशीच, मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्या रेघेला मला समजलं, ती होडी होती.

"मागं खडपाकडं ओहोटीलापन कमरंएवढा पानी असतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बोट लागत नाय तितं. होडी लागते. वल्हवून नेईन."

"तुमच्याकडे होडी आहे?" मी मूर्खासारखी विचारून बसले. बेटाच्या मागच्या बाजूला खडकांत मी ती कित्येकदा पाहिली होती, खेकड्यांच्या पिंजऱ्यांनी भरलेली.

"मोठीसाटीच घेतली होती," तो म्हणाला. "ती अडकली त्याच्या फुडच्या महिन्यात. पन तवर तिनं दप्तर ठेवला होता."

त्याने डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या लाल चौकोनांत होड्या काढल्या, एकही न वगळता. मग उठला, आपल्या पायांचे ठसे बघून ओशाळला आणि म्हणाला, "घान केली, बाई." मी म्हटलं, "राहू दे." तो गेल्यावर मी दोन दिवस ती फरशी पुसू दिली नाही. गुरुजींनी विचारलं तर म्हटलं, पाणी टंचाई आहे.

मुलं सुटल्यावर मी मुलीला थांबवलं. मला आनंदाने काही सुचत नव्हतं, पण मनात एक काटा होता. जी मुलगी खिडकीतून बघून बोटीची वेळ सांगते, तिला पाऊण तासाचा फरक माहीत नव्हता?

"तुला माहीत होतं ना?"

तिने सैल वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली. "माहीत होता."

"मग मला का नाही सांगितलंस? दोन महिने मी चुकीचं तपासत होते!"

"तुमी दुरुस्त केला असता," ती म्हणाली. "बरोबर असला की बाबा नुस्ती मान हालवतात आनि जातात. चुकला असला की त्यांना ऱ्हावत नाय."

मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तीन वर्षं मी तिला गणित शिकवत होते असा माझा समज होता. त्या शनिवारी घरी गेल्यावर मी नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्याने माझ्या हातात बाजाराची पिशवी दिली.

जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं. तक्त्यातले पहिले तीन दिवस हिरवे होते, ती बोटीने गेली. चौथ्या दिवशी पहिली होडी. मला वर्ग होता, पण गुरुजी म्हणाले, "जा तुम्ही, तसंही तुमचं लक्ष नाही." मी पदर खोचून बेटाच्या मागच्या बाजूला धावत गेले. खेकड्यांचे पिंजरे खडकावर काढून ठेवलेले. होडी धुतलेली. ती नव्या दप्तराला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मध्यभागी बसली होती आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडी वळवत होता. मी दोन्ही हात वर करून ओरडले, काय ओरडले ते मलाच आठवत नाही. तिने मान वळवून पाहिलं आणि हसली. मग समोर बघायला लागली. दोघं बेटाला वळसा घालून, खाडी ओलांडून पलीकडच्या पायरीला लागेपर्यंत मी काठाकाठाने चालत बघत राहिले. ती चढली. तिथे क्षणभर थांबून तिने मागे हात केला, आणि तो वल्हं उचलून होडीत तसाच बसून राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

त्या शनिवारी पनवेलला जायला मी धक्क्यावर आले. पाणी अजून माझ्या चपलेपर्यंत आलं नव्हतं. तो शेडमध्ये विडी ओढत होता. मी शहाण्यासारखी शेजारी बसले, घड्याळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. थोड्या वेळाने मात्र मला राहवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष.

"दादा," मी म्हटलं, "एक सांगू का? रागवू नका. त्या तक्त्यातली पाऊण तासाची चूक..."

त्याने विडी विझवली आणि उठला. पाण्याकडे बघितलं. माझ्या चपलेची जागा केव्हाच बुडाली होती.

"माजी पोरगी पान्याचा टायम चुकंल व्हय, बाई?" तो म्हणाला. "दारातनंच वलखला होता मी. चला, बसा. पानी आला."